पोहता येणारी बाई

इनामदारबाईंनी माझा एक्स-रे पाकिटातून काढलाच नाही. पाकीट हातात घेतलं, टेबलाच्या कडेला सारलं आणि खुर्ची ओढून त्या अगदी माझ्या समोर येऊन बसल्या.

"राजमतीबाई, आज सकाळी तुमची पाठ दुखत नसती, तर तुम्ही काय केलं असतं?"

तीन वर्षांत डॉक्टरांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले होते. कुठे दुखतं, बसल्यावर दुखतं की उठल्यावर, कळ पायात उतरते का. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला न दुखणारी सकाळ कशी असते, तेच आठवेना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेजारच्या खुर्चीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर रडायचं नाही असा मी नेम धरला होता. तो त्या दिवशी सांगलीच्या त्या दवाखान्यात मोडला.

सासूबाईंना सगळं घर आक्का म्हणायचं. त्यांनी पदराचं टोक माझ्याकडे केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

या गोष्टीला आता पस्तीस-छत्तीस वर्षं झाली. मी तेव्हा तिशीत होते. वारणेकाठच्या आमच्या गावात मगदुमांच्या घरात मला दिलं होतं आणि गावच्याच हायस्कुलात मी शिकवत होते. आमचे हे, सुकुमार, साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत होते. मुलगी प्रज्ञा वर्षाची असताना एका सकाळी गोठ्यातल्या ओल्या फरशीवर माझा पाय घसरला. काखेत घागर होती. पडले, उठले, घागर परत भरून आणली. आठ दिवसांत बरं व्हायचं दुखणं ते, पण बरं झालं नाही. महिना गेला, वर्ष गेलं. मग शहरातल्या एका सर्जननी फोटो उजेडात धरून सांगितलं, "मणक्यात गॅप आहे. वाकायचं नाही, उचलायचं नाही. नाहीतर एक दिवस पायच जातील."

ते शेवटचं वाक्य माझ्या अंगात जाऊन बसलं. मी वाकणं सोडलं. कमरेला पट्टा आला, गादीच्या जागी लाकडी फळी आली. प्रज्ञा "आई, कडेवर" म्हणत हात वर करायची आणि मी दोन पावलं मागे सरायची. शाळेत खडू खाली पडला तर मुलींना उचलायला सांगायची. पुढे शाळाही सुटली, रजा सुरू झाली. आणि दुखणं मात्र वाढतच गेलं. पाठीतून खांद्यात, खांद्यातून मानेत. झोप गेली. जेवणात चव राहिली नाही. वैशाखात ऑपरेशन करायचं ठरलं. तारीखही मिळाली. त्याआधी आणखी एका डॉक्टरांना दाखवून बघू, असं यांच्या लॅबोरेटरीतल्या कुणीतरी सुचवलं, म्हणून आम्ही इनामदारबाईंकडे आलो होतो. कारखान्यात उसाचं गाळप जोरात होतं, यांना रजा नव्हती. म्हणून सोबत आक्का.

बाईंनी मला आडवं करून तपासलं. पायाची बोटं वर ओढायला लावली, टाचांवर चालवलं, सुई टोचून बघितली. बराच वेळ घेतला. मग म्हणाल्या, "पायात ताकद आहे. बधिरपणा नाही. लघवीची काही तक्रार नाही. ऑपरेशनची घाई करण्यासारखं मला काही दिसत नाही."

"पण दुखतंय, बाई. खरंच दुखतंय."

"दुखतंयच. मी कुठं नाही म्हणतेय?" त्या माझ्याजवळ स्टुलावर बसल्या. "तुमच्याकडे कुत्रं आहे?"

"आहे."

"समजा, एका रात्री घरात चोर शिरला. कुत्रं भुंकलं. चांगलं केलं. चोर पळाला. पण कुत्रं असं भेदरलं की त्यानंतर पान हललं तरी भुंकायला लागलं. घरातले म्हणतात, खोटं भुंकतंय. ते खोटं नाही भुंकत. त्याला खरंच चोर दिसतोय. तुमच्या पाठीचं तसं झालंय. जखम होती, ती भरून गेली. भुंकणं राहिलंय."

"म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असंच ना?" मी जरा तडकून विचारलं. गावात मागून हेच बोलत होते.

"मन काय शरीराबाहेर खुंटीला टांगलेलं असतं?" त्या हसल्या. "तुमची झोप, तुमची भीती, तुमचे स्नायू, तुमचं एकटं पडणं, सगळं एकाच अंगात राहतं. मग औषध फक्त मणक्याला कसं द्यायचं?"

त्यांनी मला गुडघे उभे करून पोटातून श्वास घ्यायला शिकवलं. पट्टा रोज थोडा थोडा वेळ काढून ठेवायचा. फळी काढून गादी घालायची. सकाळ-संध्याकाळ चालायचं. रोज थोडा वेळ घरातल्या कुणाशी तरी गप्पा मारायच्या, पण दुखण्याविषयी एक शब्द बोलायचा नाही. "आणि पाण्यात उतरता आलं तर फार बरं," त्या म्हणाल्या. "पाण्यात शरीराचं ओझं कमी होतं, भीतीही हळूहळू कमी होते. पण तुमच्याकडे सोय कुठली असणार?"

"विहीर हाय आमची," आक्का म्हणाल्या. दवाखान्यात आल्यापासूनचं हे त्यांचं पहिलं वाक्य. "मोठी. पायऱ्यांची."

"पण यांना पोहायला येतं का?"

"न्हाई येत."

"मग शिकवणारं कुणीतरी बाईमाणूस हवं."

"हाय की," आक्का म्हणाल्या. "मीच हाय."

एसटीत बसल्यावर मी न राहवून विचारलं, "आक्का, तुम्हाला पोहायला येतं?"

"बेडकाला इचारतीस व्हय?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून चुरमुरे काढले आणि खायला लागल्या.

आक्का तेव्हा साठीला आल्या होत्या. अंगानं भरलेल्या, नऊवारी लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आवाज असा की शिवारातल्या गड्याला घरातून हाक ऐकू जावी. माझं दुखणं सुरू झाल्यापासून सगळं घर त्यांच्यावर पडलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत. पण तीन वर्षांत त्यांनी मला "दुखतंय का गं?" असं एकदाही विचारलं नव्हतं, आणि ते मला सलत होतं. त्यात त्या हिवाळ्यापासून त्यांनी माझी पाठच धरली होती. मी ज्या खोलीत पडलेली असेन त्या खोलीत शेंगांचं पोतं आणून फोडत बसायच्या. रात्री माझ्या खोलीचं दार लोटलं, तर येऊन उघडून जायच्या. हे कारखान्यात रात्रपाळीला असले की माझ्या दाराबाहेरच अंथरूण टाकायच्या. मला वाटायचं, ही बाई माझ्यावर नजर ठेवतेय. सून खरंच आजारी आहे की सोंग करतेय, हे बघतेय.

दुपारची जेवणं होऊन गडी झाडाखाली आडवे झाले, पाण्याची मोटार बंद झाली, की आम्ही विहिरीवर जायचो. पहिल्या दिवशी मी यांचा जुना लेंगा आणि एक विटकं पोलकं घातलं होतं. पट्ट्याशिवाय पायऱ्या उतरताना भिंतीला धरून, एकेक पाऊल ठेवत, जीव मुठीत धरून उतरत होते.

आक्कांनी लुगड्याचा कासोटा घट्ट मारला, पदर कमरेला खोचला आणि वरून, थारोळ्याच्या दगडावरून, जिथं पूर्वी मोटेचं पाणी पडायचं तिथून, सरळ उडी टाकली.

पाणी पायऱ्यांवर येऊन आदळलं. मी किंचाळलेच. आक्का दिसेनात. मग विहिरीच्या पार दुसऱ्या टोकाला त्यांचं डोकं वर आलं. अंबाडा सुटला होता, कुंकू ओघळलं होतं, आणि त्या हसत होत्या. लग्नाला सात वर्षं झाली होती माझ्या, पण आक्कांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. घरात गुडघ्यावर हात टेकून उठणारी ती जड बाई पाण्यात परकरातल्या पोरीएवढी हलकी झाली होती.

"ये खाली!"

"आक्का, मला भोपळा बांधा. नाहीतर डबा."

"काय न्हाई बांधायचं. भोपळा बांधला की भोपळ्यावरच इस्वास बसतो. कमरंचा पट्टा काढलास, आता ह्यो आणि कशाला?"

त्या दिवशी मी घोट्यापर्यंतच पाण्यात उतरले. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. मग पायरीवर बसून कमरेएवढ्या पाण्यात नुसता श्वास घ्यायचा, बाईंनी शिकवला तसा. आक्का समोर पाण्यात उभ्याच्या उभ्या तरंगत राहायच्या, आणि आम्ही बोलायचो. दुखण्याविषयी बोलायचं नाही म्हटल्यावर सुरुवातीला आमच्यात बोलायला काही नव्हतंच. सासू-सुनेला घरकामापलीकडे काय बोलायचं असतं? मग एक दिवस आक्का त्यांच्या माहेराविषयी सांगायला लागल्या. त्यांचं माहेर नदीकाठी, दोन नद्यांच्या संगमाजवळ. चार भावांत ही एकटी बहीण. म्हशीच्या शेपटीला धरून नदी ओलांडायची, पलीकडच्या वाळूतली कलिंगडं फोडून खायची आणि परत यायचं. आईला कळू नये म्हणून ओले केस उन्हात वाळवायचे.

"कळायचं न्हाई?"

"न कळायला काय झालं? पाठीत धपाटा बसायचा. पण आईला बी पोहायला येत हुतं. म्हणून हळूच मारायची."

मी हसले. हसताना पाठ दुखते, म्हणून हसायचं सोडलेली मी. हसून झाल्यावर लक्षात आलं.

सगळं असं सरळ चाललं, असं मात्र नाही. काही दिवसांनी मी पाण्यात हात-पाय मारायला लागले आणि एका संध्याकाळी अशी कळ आली की कुशीवरही वळता येईना. मी फळी परत मागवली. पट्टा बांधला. यांचा चेहरा उतरला. "राजमती, नको ते विहिरीचं. काही कमीजास्त झालं तर? तारीख आहे आपली, ऑपरेशन करून टाकू." त्यांनाही माझं कण्हणं बघवत नव्हतं. लॅबोरेटरीत रसाची शुद्धता ओळखणारा माणूस, घरातल्या या गोष्टीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं.

आक्का ताट घेऊन आल्या. सूर्य मावळायच्या आत जेवायचं हा आमच्या जैन घरातला शिरस्ता. त्यांनी ताट ठेवलं आणि म्हणाल्या, "बाई म्हणाल्या हुत्या, कुत्रं भुंकलं म्हणजी चोर आलाच असं न्हाई. थोडं कमी करू. बंद न्हाई करायचं."

माझा तोल गेला. "तुम्हाला बोलायला काय जातंय? एवढ्या धडधाकट तुम्ही! तुम्हाला काय कळणार दुखणं म्हणजे काय असतं ते!"

यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. आक्कांनी वाकून माझ्या ताटातली आमटी निवतेय का, ते बोट लावून बघितलं आणि निघून गेल्या.

तीन-चार दिवस मी बाहेर पडले नाही. एका दुपारी त्या खांद्यावर पंचा टाकून दारात उभ्या राहिल्या. "आज पोहायचं न्हाई. नुसतं पडायचं पाण्यावर."

"पडायचं म्हणजे?"

"चल, दाखवते."

कळ होतीच. तरी मी गेले. का गेले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बहुधा घरात पडून पडून मी माझ्या कण्हण्याला कंटाळले होते.

आक्कांनी मला पाठीवर आडवं केलं. एक तळहात मानेखाली, दुसरा बरोबर त्या जागी, जिथं दुखत होतं तिथं. मी सगळं अंग आवळून घेतलं होतं. दात, मुठी, पायाची बोटं.

"मान सोड."

"सोडलीय."

"न्हाई सोडलीस. दगूड हाय नुसता. माझ्या हातावर टाक तिला. टाक. मी काय सोडून जात न्हाई."

कान पाण्याखाली गेले आणि सगळे आवाज बंद झाले. माझाच श्वास मला ऐकू यायला लागला. वर विहिरीच्या काठाएवढं गोल आभाळ होतं. काठावरच्या उंबराची एक फांदी त्यात आली होती, आणि सुगरणींची ये-जा चालली होती. मी त्या पाखरांकडे बघत राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग जाणवलं की कुठंच काही दुखत नाहीये. कमी दुखतंय असं नव्हे. दुखतच नव्हतं. माझं अंग तिथं होतं, पाण्यावर पसरलेलं, आणि त्याची मला कसली तक्रार नव्हती. मी घाबरले आणि लगेच पाणी प्याले. आक्कांनी मला उचलून पायरीवर बसवलं.

"काय झालं?"

"थांबलं होतं," मी म्हणाले. "आक्का, थांबलं होतं हो."

त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्यांना माहीतच होतं.

त्यानंतर कळ आली तरी मी पहिल्यासारखी भ्याले नाही. एकदा जे थांबलं ते पुन्हा थांबू शकतं, एवढं मला कळलं होतं. पाण्यावर तरंगायला आलं, मग पाय मारत काठाकाठाने जायला आलं. संध्याकाळी बांधावरून प्रज्ञाचं बोट धरून चालायची. रात्री गादीवर झोप लागायला लागली. दुखणं यायचं, पण पाहुण्यासारखं. येऊन बसायचं, आणि जायचं.

तरी ऑपरेशनचं सावट होतंच. ते नको म्हणायचं धाडस मला होत नव्हतं. 'पाय जातील' हे वाक्य रात्री अजून कानाशी यायचं. पाणी बरं, चालणं बरं, पण उद्या खरंच काही झालं तर? यांनी जाण्यासाठी कारखान्यातली जीप सांगून ठेवली होती. जायच्या आदल्या दिवशी दुपारी आक्का म्हणाल्या, "शेवटचं पोहून घे. मग पुन्हा लई दिवस उतरता यायचं न्हाई."

त्या दिवशी मी पहिल्यांदा विहीर आडवी पार केली. आक्का माझ्या बाजूने होत्या, पण त्यांनी हात लावला नाही. पलीकडच्या कपारीला धरून मी धापा टाकत राहिले आणि मग तशीच परत आले. आम्ही दोघी पायरीवर बसलो. आक्का केस पिळत होत्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "आता मला घोर न्हाई."

"ऑपरेशनचा?"

"त्याचा न्हवं." त्या केस पिळायच्या थांबल्या. "मार्गशीर्षात एक दिवस तू हितं आली हुतीस. आठवतंय?"

मी लेंग्याचं ओलं टोक पिळायला घेतलं.

"पाय मोकळे करायला आले होते," मी म्हणाले.

"मंगळसूत्र उशीखाली ठिवून कुणी पाय मोकळं करायला जात न्हाई, राजमती."

मी खाली बघितलं. ती दुपार मी कुणालाच सांगितली नव्हती. यांनाही नाही, इनामदारबाईंनाही नाही. आदल्या रात्री प्रज्ञा तापात रडत होती आणि मी तिला उचलू शकले नव्हते. सकाळी कुणीतरी म्हणालं, पोरीचे हाल आहेत. बस, एवढंच निमित्त. मी इथे आले होते आणि थारोळ्याच्या दगडावर बराच वेळ उभी होते. मग उसाच्या बाजूने आक्कांची हाक आली होती. "राजमती, भाजीत मीठ पडलंय का बघ जरा चाखून!" मला आठवतं, मी चिडले होते. चाळीस वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला मीठ मला विचारायचं काय अडलं होतं? पण हाक आली म्हणून मी वळले. घरी आले. मीठ चाखलं. बरोबर होतं.

"तुम्ही मागे आला होता," मी म्हणाले.

"मंगळसूत्र दिसलं. धावत आले. काय बोलावं ते सुचंना. तोंडात मिठाचंच आलं." आक्का पाण्याकडे बघत होत्या. "तवापासनं रातीचं झोपले न्हाई मी धड. तुला किती दिवस राखणार? मग डॉक्टरीणबाईंनी पाण्याचं काढलं. पाठीचं मला काय कळतंय? ते त्यांचं काम. मी म्हटलं, हिला पोहायला शिकवून ठेवावं. मग कुठं बी जाऊ दे."

"म्हणजे?"

"पोहता येणाऱ्या बाईला हिरीत जीव देता येत न्हाई गं. हात-पाय ऐकत न्हाईत. आपलं आपणच चालत्यात."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी हे कुठून ऐकलेलं नव्हतं, एवढं मला कळलं.

"तू नुसती उभी हुतीस," आक्का म्हणाल्या. "मी उडी टाकली हुती. सुकुमारच्या पाठीवरची पोरगी गेली तवा. तिच्या बाळंतपणापासनं माझी पाठ दुखत हुती. पाच-सा वर्षं दुखली. सांगणार कुणाला? सासूबाई म्हणायच्या, काम नको म्हणून सोंगं. पोरगी गेली आणि मग मला कायच नको झालं. उडी टाकली. खाली गेले. आणि हात चालायला लागले, बघ. मी म्हणते नको, आन् हात म्हणत्यात चल. लई येळ पोहत हुते. रडत हुते, पोहत हुते."

"मग?"

"मग काय? हितंच बसून लुगडं वाळवलं. घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. सासूबाईंनी इचारलं, कुठं गेली हुतीस. म्हटलं, म्हस बघायला."

"आणि पाठ?"

"त्या रातीला दुखली न्हाई. एकच रात." आक्कांनी केसांची गाठ मारली. "पुन्हा यावं वाटायचं. पण भ्या वाटायचं, पाण्याचं न्हाई, माझंच. त्या पहिल्या दिशी तुझ्यासंगं उतरले ती तवापासनं पहिल्यांदा."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांचा खांदा ओला आणि गार होता. त्यांनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. पण खांदा हलवलाही नाही. मी विचारलं, "तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, दुखतंय का म्हणून."

"दिसत हुतं की. दिसतंय ते काय इचारायचं? आन् तू व्हय म्हणाली असतीस, तर माझ्याजवळ द्यायला काय हुतं?"

घरी आलो तर हे अंगणात उभे होते. ओसरीवर बॅग भरून ठेवली होती. आमचे ओले केस बघून ते काहीतरी बोलणार होते, त्याआधी मीच म्हणाले, "अहो, जीप नको म्हणून कळवा. मी उद्या जात नाही."

"म्हणजे?"

"इनामदारबाई म्हणाल्या ना, घाई नाही. मला अजून थोडे दिवस बघायचंय. अगदीच नाही जमलं तर मी स्वतः सांगेन, चला म्हणून."

त्यांनी आईकडे बघितलं. घरातला प्रत्येक निर्णय शेवटी आक्कांकडे जायचा. "आक्का, तू सांग."

"मला काय इचारतोस?" आक्का उंबरा ओलांडत म्हणाल्या. "पाठ तिची हाय."

ऑपरेशन झालं नाही, ते कायमचंच. जूनमध्ये मी शाळेत रुजू झाले. इनामदारबाईंकडे वर्षभर जात होते. मार्गशीर्षातली ती दुपार मी पुढच्याच खेपेला त्यांना सांगितली. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि त्या दिवशी आम्ही पाठीविषयी काहीच बोललो नाही. माझं दुखणं पूर्ण गेलं, असं मी कधी म्हटलं नाही. आजही फार वेळ बसलं की ते डोकं वर काढतं, काळजीचे दिवस असले की हटकून येतं. मग मी चालायला जाते.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या मळ्यातली चंपा विचारायला आली. तिची मान अवघडलेली असायची. मग तिची जाऊ आली. मग शाळेतल्या दोन शिक्षिका. दुपारी आमच्या विहिरीतून बायकांचा असा कालवा उठायचा की बांधावरून जाणारे पुरुष लांबूनच खाकरायला लागायचे. आक्का पायरीवर उभ्या राहून एकेकीला ओरडायच्या. कुणाचं कुठं दुखतं, ते त्या विचारत नसत. मान सोड, एवढंच सांगत.

आक्का सत्तरीच्या पुढे गेल्या तरी पोहत होत्या. शेवटच्या उन्हाळ्यात पायऱ्या उतरायला त्यांना माझा हात लागायचा. पाण्यात गेल्या की मात्र हात सोडायच्या. एका दुपारी बाकीच्या बायका निघून गेल्या, आणि त्या विहिरीच्या मधोमध पाठीवर पडून राहिल्या. डोळे मिटलेले, पांढरे केस पाण्यावर पसरलेले. ऊन कलायला लागलं. घरी चूल पेटवायची होती, जेवणं उजेडात व्हायला हवी होती. मी पायरीवर बसून होते. त्या स्वतःहून वळेपर्यंत मी त्यांना हाक मारली नाही.